त्या दिवशी उशीर का झाला

मस्कत, ११ मे

ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच आहे. त्या दिवशी दुपारी जेवायला येतो म्हणून कळवलं आणि राजापुरात पोचेस्तोवर दिवेलागण झाली. तुम्ही दोघं न जेवता ताटकळलात. रागावला नाहीत, पण कारण सांगायचं राहूनच गेलं.

चिपळूणहून सकाळीच निघालो होतो. हातखंब्याला ही म्हणाली, "रत्नागिरीत बघण्यासारखं काय आहे हो?" मला सांगता येईना. माझी रत्नागिरी म्हणजे एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटल आणि जमिनीच्या केससाठी बाबांबरोबर घातलेल्या कोर्टाच्या खेपा. वर्ध्याच्या मुलीला त्यातलं काय दाखवणार? गाडी उजवीकडे वळवली.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर पाहिलं, पतितपावन मंदिरात हात जोडले. वेळ गेला तो थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी बोटीने रत्नागिरीला आणलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा. मी मस्कतला आलो तेव्हा तेवढाच होतो. राजवाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ मध्ये राजा गेलाच. एवढ्या मोठ्या वास्तूत जेमतेम सहा वर्षं. राणीला १९१९ मध्ये परत जाऊ दिलं. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे.

आई, मला वर्षाकाठी महिनाभर रजा मिळते. तरी गणपतीला येणं जमलं नाही की त्या दिवशी घास उतरत नाही. त्याला तीस वर्षांत एकदाही घर दिसलं नाही. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, तिच्या पायाशी कुणीतरी अनंताचं फूल ठेवलं होतं, कडा पिवळ्या पडलेलं. ही तिथे बराच वेळ बसली. मलाही ऊठ म्हणवेना.

मग मांडवी. तिथली वाळू काळी, इल्मेनाइट नावाचं खनिज असतं तिच्यात. हिने काळी वाळू कधी पाहिली नव्हती, चपला हातात घेऊन चालत राहिली. घरी आल्यावर आईने पायांवर पाणी घातलं तेव्हा हिच्या बोटांच्या बेचक्यांतून काळे कण निघाले आणि आई म्हणाली, "खंय फिरलंस गो?" ते हे.

रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन राहिलं, ते पुढच्या खेपेला चौघांनी मिळून घेऊ.

बाबा, डोळे दाखवायला रत्नागिरीला जाल तेव्हा आईला बरोबर न्या आणि रिक्षा करून राजवाडा बघून या. कोर्टातून सुटलं की आपण गाडी चुकेल म्हणून थेट स्टँड गाठायचो. आता केस संपली, घाई कसली? एक गाडी चुकली तर दुसरीने या.

पैसे पाठवलेत. मिरग लागायच्या आत कौलं परतून घ्या, माजघरावरची आधी.

तुमचा,
बाळा