तक्त्यात एक रकाना राहून गेलाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत "तुमच्या घराला कोणता कुत्रा?" असा मोठा तक्ता आलाय, जात, वजन, केस किती गळतात, लहान मुलांशी जमतं का, सगळं दिलंय. त्यात बीगलसमोर लिहिलंय "फ्लॅटसाठी उत्तम". हे मी डाव्या हाताला प्लॅस्टर असताना वाचलं आणि हे पत्रसुद्धा मोबाईलवर एका अंगठ्यानं टाइप करतेय, त्यामुळे शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या. प्लॅस्टर बीगलमुळेच आहे.

झालं असं की नातवानं सहावीत गेल्यापासून कुत्रा कुत्रा लावलं होतं. मुलगा सून दोघं नोकरीवाले, त्यांनी इंटरनेटवर बघून ठरवलं की लॅब्राडोर मोठा होतो, पामेरियन चावतो, बीगल मध्यम आहे, दहा-अकरा किलोच्या वर जात नाही, दिसायला गोड, कान लांब, झालं. ह्यांना आणि मला कुणी विचारलं नाही, म्हणजे फोटो दाखवला पण विचारलं नाही. पिल्लू आलं तेव्हा नाव ठेवलं ऑस्कर. मी बाळ्या म्हणते आणि तो बाळ्यालाच ओ देतो.

विकणारा म्हणाला 45 दिवसांचं आहे. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले जेमतेम महिन्याचं असेल, अजून आईजवळ हवं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा केंद्राचा नियमच आहे 2017 चा, हे आम्हाला नंतर कळलं. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, जातीच्या नोंदणीचे पेपर मागाहून देतो म्हणाला, ते आजतागायत आलेले नाहीत, आता तर फोनही उचलत नाही.

पहिले पंधरा दिवस नातू पहाटे उठला. मग शाळा सातची, दुपारी क्लास, संध्याकाळी क्रिकेट. मुलगा साडेआठला बाहेर पडतो ते रात्रीच येतो. ह्यांचे गुडघे गेलेले. राहिलं कोण? म्हणजे कुत्रा नातवाचा, पैसे मुलाचे आणि पट्टा माझ्या हातात, आणि हे फक्त आमच्याच घरात आहे असं नाही हो, सकाळी सहाला आमच्या जुळे सोलापुरात चक्कर मारून बघा, कुत्रे फिरवणाऱ्यांत निम्म्या माझ्याच वयाच्या बायका दिसतील आणि त्यातल्या एकीनंही ती जात स्वतः निवडलेली नसते, मी विचारून बघितलंय.

आता बीगल म्हणजे काय ते ऐका. हा कुत्रा इंग्लंडात टोळीनं ससे हुडकायला तयार केलेला. नाक जमिनीला लावायचं, वास पकडला की सोडायचा नाही, आणि लांब मागं राहिलेल्या शिकाऱ्याला कळावं म्हणून हेल काढून ओरडत राहायचं. अमेरिकेत तर विमानतळावर लोकांच्या बॅगांतली फळं आणि मटण हुंगून काढायला सरकारनं बीगलच ठेवलेत, 1984 पासून. असलं नाक घेऊन तो आमच्या 2 बीएचकेत बसलाय आणि खालच्या मजल्यावर कुणाकडं काय शिजतंय ते त्याला माझ्या आधी कळतं. एकटा ठेवला की हेल काढतो. सोसायटीच्या ग्रुपवर पहिली तक्रार आली ती "तुमच्याकडे कुणी रडतंय का" अशी. त्याची चूक नाही यात, त्याला ज्या कामासाठी घडवलाय तेच तो करतोय.

शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद आला होता, शिरा, वर बेदाणे. मी दार लावायला वळले तेवढ्यात द्रोण साफ. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक असतात हे मला कुठं ठाऊक, सूनबाईनं फोनवर ओरडून सांगितलं, मग रिक्षा, डॉक्टर, उलटी काढायचं इंजेक्शन. प्रसाद पडला दोन हजाराला!

आणि हात मोडला तो असा. एप्रिल महिना, सकाळचे सव्वासहा. मी पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घेतलेले, सुटू नये म्हणून (हे कुणीही करू नका). मंगल कार्यालयाच्या मागं आदल्या रात्रीच्या पत्रावळ्यांचा ढीग होता आणि तो मला दिसायच्या आधी ह्याच्या नाकाला दिसला. दहा किलोचं जनावर, पण मान खाली घालून चारी पायांनी जोर लावला की मी आपली फरफटत. पडले ती हातावरच. मनगट एवढं सुजलं की दवाखान्यात बांगडी कापून काढावी लागली, लग्नातली होती. बाळ्या तोवर परत येऊन माझं तोंड चाटत होता, त्याच्या मिशीला जिलबीचा पाक.

मी पोस्टात 34 वर्षं काउंटरवर काढली. आमच्या पोस्टमन मंडळींकडं कुत्र्यांची आपली एक यादी असायची, कोणत्या घरात चावतो, कोणत्या घरात नुसता भुंकतो. अल्सेशियनवाल्याकडं गेटला कुलूप असायचं म्हणून तिथं कधी काही झालं नाही, चावायचा तो पामेरियन, कारण तो लहान म्हणून मोकळा सोडलेला. (ज्याला आपण पामेरियन म्हणत आलो तो बहुतेक ठिकाणी इंडियन स्पिट्झ असतो, असू दे.) म्हणून मार्च 2024 मध्ये केंद्रानं कुत्र्यांच्या 23 जाती धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदीचं पत्र काढलं आणि महिन्याभरात कर्नाटक हायकोर्टानं ते रद्द केलं, तेव्हा मला दोन्हीचं फारसं काही वाटलं नाही. पोस्टमनच्या यादीत जात नसायची, घराचा पत्ता असायचा.

2005 साली आम्ही कुत्र्यांची चार तिकिटंसुद्धा विकली, हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापलयम. तेव्हा मुधोळ कुणी मागत नव्हतं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधान मन की बात मध्ये देशी जातींबद्दल बोलले आणि मग आमच्याकडंही मुधोळ आला दोन-तीन फ्लॅटांत. मुधोळ गाव आपल्याला जवळ, विजापूरच्या पलीकडं, म्हणून कुत्र्याला उन्हाची सवय, केस आखूड, खाणं बेताचं, सगळं खरं. पण तो डोळ्यानं शिकार बघून पळणारा कुत्रा, माळरानावर धनगरांसोबत शोभतो. समोरच्या बिल्डिंगमधला दिवसभर गॅलरीच्या गजातून मांजर बघत उभा असतो, बघवत नाही. त्याच बिल्डिंगमध्ये हस्की पण आहे. सोलापुरात, जिथं मे मध्ये पारा 43 च्या पुढं जातो, सायबेरियाचा दुहेरी केसांचा कुत्रा! एसी दिवसभर चालू, आणि लाइट गेली की घरातले बर्फाच्या पिशव्या घेऊन धावतात. पगची तीच गत. 2003 च्या त्या हच मोबाईल कंपनीच्या पगवाल्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले, पण कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून आणि पगचं नाक इतकं चपटं की त्याला नीट धापही टाकता येत नाही. तुमच्या तक्त्यात केस गळण्याचा रकाना आहे, उन्हाचा नाही, आणि पेपर आपला सोलापूर आवृत्तीचा आहे.

पण मला हवा असलेला रकाना वेगळाच आहे. "दुपारी घरी कोण असतं?" असा. तिचं वय किती, वजन किती, कोणत्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे का. लॅब्राडोर स्वभावानं सोन्यासारखा, मी नाव ठेवणार नाही, पण तीस किलोचा, आणि म्हातारपणी त्याचं कंबरेचं दुखणं निघालं की जिना कोण चढवणार त्याला? दुसरा हिशेब मी प्लॅस्टरमध्ये बसल्या बसल्या केला. बीगल जगतो बारा ते पंधरा वर्षं. मी आज 63. म्हणजे बाळ्या म्हातारा होईल तेव्हा मी 77, आणि नातू तोवर पुण्यात किंवा परदेशात.

माझं मत विचाराल तर ज्या घरात पट्टा आजीच्या हातात येणार आहे तिथं पिल्लू आणूच नये. तीन-चार वर्षांचं मोठं कुत्रं घ्यावं, ज्याचा स्वभाव ठरलेला आहे, ओढतं का, एकटं राहतं का, मुलांवर गुरगुरतं का, सगळं आधीच दिसतं. शेल्टरमध्ये असतात, बदली झालेले लोक देतात, आणि आपल्या गल्लीतलं गावठी असतंच, त्याला तर आपण वर्षभर बघितलेलं असतं. गावठी म्हटलं की मुलगा नाक मुरडतो, पण आमच्या वॉचमनजवळची काळी कुत्री माझ्या पावलाला पाऊल लावून चालते, पट्टा न लावता.

बाळ्याला परत देणार का असं माहेरच्यांनी विचारलं. काहीतरीच. आता छातीचा पट्टा आणलाय, हार्नेस म्हणतात तो, पहाटे साडेपाचला नातवानं न्यायचं असं ठरलंय, आणि वास शोधायचं काम घरातच देतोय, पोळीचे तुकडे जुन्या सतरंजीत लपवून ठेवते, अर्धा तास नाक खुपसून शोधतो आणि मग दोन तास गाढ झोपतो. हे मला तुमच्या तक्त्यात वाचायला मिळालं असतं तर बांगडी वाचली असती. पुढच्या वेळी तो तक्ता छापाल तेव्हा एवढा रकाना वाढवा, आणि बीगलसमोरचं ते "उत्तम" तेवढं काढा.

आपली,
एक वाचक, निवृत्त पोस्ट कर्मचारी,
जुळे सोलापूर