ताई, तो अर्धा तास तुम्ही सगळ्यात आधी लिहिलात

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागायच्या आत हे पत्र लिहितेय, मुद्दाम. पेढ्यांच्या बॉक्ससोबत आभार सगळेच मानतात. यादीत नाव येवो न येवो, राज्यसेवेचा, म्हणजे एमपीएससीच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेचा, अभ्यास माणसासारखा कसा करायचा ते तुम्ही दाखवलंत, आणि त्याचं ऋण निकालावर अवलंबून नाही. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत भिंतीवर टाइमटेबल चिकटवून रोज रात्री स्वतःलाच दोष देणाऱ्या मुली-मुलं आजही बसलेली आहेत. तुम्ही सांगितलेलं त्यांच्या हाती पडायला हवं.

ते भिंतीवरचं टाइमटेबल कुठून येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. फी भरली त्याच दिवशी क्लासने एक छापील कागद हातात ठेवला. पहाटे उठणे, १६ तास अभ्यास, रात्री स्वतःचं मूल्यमापन. अख्ख्या बॅचला एकच कागद. कोणी अर्धा दिवस नोकरी करून येतं, कोणाची मेस लांब आहे, कोणाचं गणित कच्चं तर कोणाचं इंग्रजी, कागदाला त्याचं काही देणंघेणं नाही. पाळता आलं नाही की उत्तर तयार: ‘डेडिकेशन कमी पडतंय.’ हे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही साधी बेरीज केली नव्हती. ७ तास झोप आणि १६ तास अभ्यास झाले २३. अंघोळ, दोन वेळचं जेवण, जाणं-येणं, कपडे धुणं, सगळ्याला मिळून उरला एक तास. हे कोणालाच जमणार नाही. पण न जमल्याचा दोष मात्र विद्यार्थ्याच्या माथी. फी घेताना ज्यांच्याकडे तासभर होता, त्यांच्याकडे नंतर विचारायला गेलं की पाच मिनिटंही नसत.

तुम्ही टाइमटेबल मागितलंच नाहीत. कोरा कागद घेतलात, वर १६८ लिहिलंत आणि म्हणालात, “आठवड्याचे तास एवढेच. कलेक्टरलाही एवढेच. आता वजा करत जाऊ.” झोपेचे रोज ७ प्रमाणे ४९ गेले. जेवण, अंघोळ, कपडे आणि ये-जा यांचे रोज साडेतीन धरून साडेचोवीस गेले. मग पेन थांबवून तुम्ही विचारलंत, “घरी फोन कधी करतेस?”

ताई, हे पत्र खरं तर त्या एका प्रश्नासाठी आहे. तोवर ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्या सगळ्यांनी फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. घरच्यांना सांगून टाक, वर्षभर डिस्टर्ब करू नका. आईचा फोन म्हणजे अभ्यासातला अडथळा, असंच मनात बसलं होतं. तुम्ही एकही विषय लिहिण्याच्या आधी, राज्यघटनेच्या आधी, अर्थव्यवस्थेच्या आधी, ठळक अक्षरात लिहिलंत: ‘रात्री ८.३० ते ९, घरी फोन.’ आणि पुढे बोललात ते अगदी कामाचं होतं. जो फोन टाइमटेबलमध्ये नसतो तो अर्ध्या तासाचा असला तरी दोन तास खातो. अर्धा तास बोलण्यात जातो, उरलेला ‘आपण वेळ घालवला’ या टोचणीत. पुस्तक उघडं असतं, पण पान पुढे सरकत नाही. तोच अर्धा तास ठरवून दिला की नऊ वाजता पुन्हा पुस्तक हातात घेताना मन मोकळं असतं. यात मायाही होती आणि शिस्तही होती. वेगवेगळी करून ती कशी दाखवायची, मला सांगता येत नाही.

फोनचे साडेतीन तास आणि रविवार दुपारनंतरच्या सुट्टीचे ६ वजा करून ८५ उरले. तिथेही तुम्ही फसू दिलं नाहीत. ८५ तास जागेवर बसणं होतं, अभ्यास होत नाही. आधी एक आठवडा फक्त मोजायचं. नजर पानावर असेल तेव्हाच स्टॉपवॉच चालू. चहा, गप्पा, मोबाईल, खिडकीबाहेर बघणं आलं की बंद. सकाळी ८ ला येऊन रात्री ९ पर्यंत खुर्ची न सोडणाऱ्यांचे निव्वळ तासही बहुतेकदा सहा-सात भरतात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, म्हणून आकडा बघून धक्का बसला नाही. मग प्लॅन करायचा तो त्या सहा तासांवर. दहा तासांचा प्लॅन करून सहा तास झाले की चार तासांचं अपयश पदरी पडतं. सहाचा करून सहा झाले की दिवस पुरा होतो. अभ्यास दोन्हीकडे तेवढाच. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना.

प्लॅन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात का कोसळतो, हे तुमच्याइतकं स्वच्छ कोणीच समजावलं नव्हतं. सगळे म्हणतात, उत्साह संपतो. तुम्ही म्हणालात, उत्साहाला दोष देऊ नकोस, गणित चुकलेलं असतं. समजा रोज दोन नवे टॉपिक घेतले. प्रत्येकाची रिव्हिजन दुसऱ्या दिवशी २० मिनिटं, सातव्या दिवशी २० आणि तिसाव्या दिवशी ३०. पहिल्या आठवड्यात रोज फक्त कालचे दोन टॉपिक, म्हणजे ४० मिनिटं. दुसऱ्या आठवड्यापासून सात दिवसांपूर्वीचे दोन येऊन मिळतात, झाली ८०. महिना उलटला की महिन्यापूर्वीचेही दोन, मिळून १४० मिनिटं. सहा तासांतून नव्या वाचनाला सुरुवातीला ५ तास २० मिनिटं होती, ती महिन्याभरात ३ तास ४० मिनिटांवर आली. पण प्लॅनमध्ये नवं वाचन शेवटपर्यंत पाच तासच धरलेलं असतं. मग एकतर रिव्हिजन सुटते किंवा टॉपिक तुंबतात. रिव्हिजन सुटली की दोन महिन्यांनी पहिलं पुस्तक पुन्हा कोरं वाटतं, आणि तिथे मुलं खचतात. म्हणून तुम्ही सुरुवातीच्या महिन्यातच अवघड आणि मोठे टॉपिक घ्यायला लावलेत आणि पुढच्या महिन्यांत नवं वाचन कमी कमी करत नेलंत.

दुसरी गोष्ट म्हणजे शनिवारची दुपार. सोमवार ते शनिवार सकाळपर्यंतचाच प्लॅन लिहायचा, शनिवारी दुपारी १ नंतर एकही टॉपिक ठेवायचा नाही. आठवड्यात जे राहिलं ते दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, थेट शनिवारी न्यायचं. एक लोकल खोळंबली की मागच्या सगळ्या रखडतात, तसा मंगळवारचा अर्धा टॉपिक बुधवारवर टाकला की शुक्रवारपर्यंत सगळंच मागे पडतं. शनिवारीही पुरा झाला नाही तर तो टॉपिक आपण मुळात मोठा धरलाय, त्याचे दोन करायचे. बॅकलॉग काहीच नसेल तर शनिवारी जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, नवा टॉपिक घ्यायचा नाही. या शेवटच्या नियमावर तुम्ही फार ठाम होतात. ते किती बरोबर होतं, हे पहिल्यांदा आजारपण आलं तेव्हा कळलं.

‘सकाळी ५ ते ७ राज्यघटना’ असं लिहिणं तुम्ही बंद करायला लावलंत. पाचला लाईट गेली की राज्यघटना गेली. त्याऐवजी काम लिहायचं: ‘मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५, दीड-दीड तासाच्या दोन बैठका, मागच्या वर्षांचे ४० प्रश्न.’ बैठक सकाळी झाली काय, दुपारी झाली काय, काम तेच राहतं. प्रत्येक बैठकीची शेवटची १० मिनिटं पुस्तक मिटून, जे आठवतं ते कागदावर. जिथे अडतं तिथे खूण. पुढची रिव्हिजन त्या खुणांचीच, पूर्ण धड्याची नाही, म्हणून ती २० मिनिटांत बसते. मोकळं वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटत राहतं, आणि ते खोटं असतं. वर्तमानपत्राला ४५ मिनिटांची मर्यादा, एकच वर्तमानपत्र, शेजारी अभ्यासक्रमाचा कागद. ज्या बातमीला अभ्यासक्रमात जागा नाही ती वहीत नाही.

सी-सॅटबद्दल, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या उतारे-गणिताच्या दुसऱ्या पेपरबद्दल, बाकी सगळे एका वाक्यात बोलायचे: ‘क्वालिफाइंग आहे, नुसतं पास व्हायचंय, बघून घेऊ.’ २०० पैकी ३३ टक्के लागतात, पण तेवढे पडले नाहीत तर सामान्य अध्ययनाचा पेपर कितीही चांगला गेलेला असला तरी पूर्वपरीक्षा तिथेच संपते. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. एकही न चुकवता २७ बरोबर आले तर साडेसदुसष्ट होतात. मात्र राज्यसेवेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे चौथा हिस्सा गुण कापले जातात, तेव्हा २७ चं लक्ष्य ठेवून बसणारा काठावर लटकतो. तुम्ही आठवड्याला तीन तास बाजूला काढलेत, आणि तेही दुपारी. कारण हा पेपर दुपारी असतो आणि जेवणानंतर डोळे जड झालेले असताना उतारे वाचण्याची सवय सकाळी बसून लागत नाही. इतकी साधी गोष्ट! पैसे घेऊन टेस्ट सिरीज चालवणाऱ्यांपैकी कोणाला सुचली नव्हती.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि बऱ्याच जणांचे हात गळाले. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकेवर पर्यायांचे गोळे काळे करण्याची सवय, आणि आता नऊ पेपर लिहायचे. मराठी आणि इंग्रजी पात्रतेपुरते, पण गुणवत्तेत धरले जाणारे १७५० गुण सगळे हाताने लिहून मिळवायचे. त्या गोंधळात अनेकांनी सांगितलं, आधी पूर्व काढ, लिखाणाचं नंतर बघू. तुम्ही घड्याळ समोर ठेवलंत. केंद्रीय सेवेच्या, म्हणजे यूपीएससीच्या, मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पेपरचं उदाहरण घेतलंत: ३ तास, २० प्रश्न, दहा १० गुणांचे आणि दहा १५ गुणांचे. दहाच्या प्रश्नाला साडेसहा मिनिटं आणि पंधराच्याला साडेदहा धरली तर १७० मिनिटं जातात, वाचायला आणि विचाराला उरतात दहा. साडेसहा मिनिटांत १५० शब्द, अक्षर वाचता येईल असं. हा वेग दोन महिन्यांत येत नाही, कारण तो मेंदूइतकाच मनगटाचा प्रश्न आहे. म्हणून रोज एक उत्तर, कोऱ्या कागदावर, वेळ लावून, पूर्वपरीक्षेच्या तयारीतसुद्धा. शेवटचे सहा आठवडे तेवढे सोडून. त्या सहा आठवड्यांत नवं पुस्तक नाही, नवी नोट्स नाही, फक्त रिव्हिजन आणि १२० मिनिटांत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, परीक्षेच्याच वेळेला बसून.

आणि तारीख. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. तेव्हा किती जणांचे प्लॅन फाटले ते सगळ्यांनी पाहिलंय. तारखेवरून आखलेला प्लॅन तारखेबरोबर जातो. तुम्ही तारखा लिहिल्याच नाहीत, ‘परीक्षेआधीचा सहावा आठवडा’, ‘दहावा आठवडा’ असं लिहिलंत. परीक्षा पुढे गेली तर शेवटचे सहा आठवडे सरकवायचे, मधल्या काळात ऐच्छिक विषय आणि उत्तरलेखन घ्यायचं. पूर्वपरीक्षेची पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून काढायची नाहीत. घाबरून तेच केलं जातं, आणि परीक्षेच्या वेळी माणूस कंटाळलेला असतो.

ताई, यातलं काहीही गुपित नव्हतं. क्लासवाल्यांनाही येत असेल. पण समोरच्याला विचारून, त्याच्या मेसची वेळ, त्याचं घर, त्याचा कच्चा विषय समजून घेऊन सांगायला बसावं लागतं, आणि तुम्ही बसलात. तुमची स्वतःची नोकरी, दौरे, घर सांभाळून. एक पैसा न घेता, आणि कुठेही ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ असा फोटो न लावता. या क्षेत्रात तुमच्यासारखे लोक आहेत, त्यांची जाहिरात होत नाही एवढंच. स्वतःच्या नोट्स निकाल लागल्यावर खालच्या बॅचला देऊन जाणारा दादा, परीक्षेच्या आदल्या दिवशी डबा वेळेआधी तयार ठेवणाऱ्या मेसच्या काकू, रात्री उशिरापर्यंत एकासाठी दिवा चालू ठेवणारे अभ्यासिकेचे काका. हजारो मुलं घरापासून लांब राहून या परीक्षेला बसतात ती अशांच्या आधारावर.

तुम्ही आखून दिलेल्या कागदाचे फोटो आता बऱ्याच जणींच्या मोबाईलमध्ये आहेत. मी प्रत्येकीला सांगते, आकडे उतरवू नकोस, आधी आठवडाभर स्वतःचे तास मोज आणि मग वजाबाकी कर. फोनची ओळ मात्र जशीच्या तशी ठेव, वेळ तुझी तू ठरव.

मनापासून धन्यवाद, ताई.

तुमची,
अभ्यासिकेतली एक धाकटी बहीण