खोप चाय, लय लय

प्रिय आय,

तुमच्या लाओ भाषेत थोरल्या भावाला ‘आय’ म्हणतात, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला, जुनी माणसं आईला आय म्हणतात. म्हणून भरलेल्या नदीत मी बांबूच्या खुंटाला धरून लटकले होते आणि काठावरून तुमचा धाकटा भाऊ जिवाच्या आकांताने ‘आय! आय!’ ओरडत होता, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी कुणीतरी आईला हाक मारतंय. खरं तर तो तुम्हाला बोलावत होता.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय लिहायचा मला हक्क नाही. तुमच्या पुतणीने दिलेला फोन नंबर बंद आहे आणि घराचा पत्ता म्हणून माझ्याकडे फक्त एक चित्र आहे: लाओसमधल्या वांग वियेंग गावाच्या दक्षिणेला नदीकडे उतरणारी मातीची वाट, डाव्या हाताला फणसाचं झाड, खाली पन्हाळी पत्र्याचं छप्पर. एवढ्यावर पोस्टमन पत्र पोचवणार नाही. म्हणून हे उघडं पत्र. मराठी मुलंमुली हल्ली पाठीवर सॅक टाकून तिकडे जातात. त्यांच्यातलं कुणीतरी त्या वाटेने उतरेल आणि हे तुम्हाला वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

जुलै २०२३. नोकरी सोडून मी तीन महिन्यांसाठी निघाले होते. थायलंडच्या नोंग खायहून पूल ओलांडून व्हियेन्तियान, तिथून २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या नव्या रेल्वेने तासाभरात वांग वियेंग. हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत आम्ही पाचजण जमलो: एक डच नर्स, अर्जेंटिनाचं एक जोडपं, सोलचा एक विद्यार्थी आणि मी. तीन दिवसांत इतकी मैत्री झाली की एकमेकांचे टूथपेस्ट आणि चार्जर कुणाचे, हेसुद्धा आम्ही विचारेनासे झालो. चुनखडीचे ते उभे सुळके, त्यांच्या कमरेला अडकलेले ढग, खाली हिरवीगार भातखाचरं. अशा ठिकाणी माणसं लवकर जवळ येतात. त्या मैत्रीबद्दल आजही माझ्या मनात किंतु नाही. पण मला जे कळत होतं ते मी त्या मैत्रीपायी बोलले नाही, आणि ते तुमच्यासमोर कबूल केल्याशिवाय आभार मानायला सुरुवात करता येत नाही.

आदल्या संध्याकाळी आपली भेट झाली होती. तुम्हाला आठवत नसेल, तिथे रोज शेकडो परदेशी तोंडं दिसतात. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. तुम्ही आणि तुमचा भाऊ तुमची ती लांब, अरुंद मोटारहोडी काठाशी ओढून बांधत होता. आमच्यातल्या कुणीतरी खुणेने विचारलं, उद्या ट्यूबवर बसून नदीतून जायचं आहे, चालेल ना? तुम्ही हात हलवलात. ‘बो, बो. नाम लाय.’ मग उत्तरेच्या डोंगरांकडे बोट केलंत आणि हाताचा पंजा पाण्यावरून वर वर नेऊन दाखवलात. बाकीचे हसून ‘खोप चाय’, म्हणजे धन्यवाद, म्हणून पुढे निघाले.

मला मात्र कळलं होतं. नाम म्हणजे पाणी, हे नाम सोंग या नदीच्या नावावरून ठाऊक झालं होतं आणि ‘लाय’ माझ्या कानाला सरळ आमचं ‘लय’ ऐकू आलं. पाणी लय झालंय. पलूस तालुक्यात वाढलेल्या मुलीला याहून स्पष्ट कोण सांगणार होतं? २०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडे कृष्णेला महापूर आला, ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी होडी उलटली आणि आमच्या तालुक्याने प्रेतं मोजली. गढूळ पाणी काय करतं, डोंगरात पडलेला पाऊस खाली ऊन पडल्यावरही कसा येतो, हे मला पाठ होतं. तरी सकाळी लख्ख ऊन पडलं, सगळे पोहण्याच्या कपड्यांत तयार होऊन दारात उभे राहिले आणि मी गप्प बसले. तीन दिवसांच्या मित्रांत भित्री ठरायची माझी तयारी नव्हती.

त्यात मला पोहता येतं हा भरवसा. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला सातव्या वर्षी विहिरीत शिकवलं, आधी पाठीला वाळका भोपळा बांधून, मग ट्रॅक्टरच्या ट्यूबवर. पण विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. हा फरक आबांनी शंभर वेळा सांगितला होता.

ट्यूब भाड्याने देणाऱ्या माणसाने पैसे घेतले, अनामत घेतली आणि गावाच्या वर साधारण चार किलोमीटरवर नेऊन सोडलं. माझ्या लाइफ जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं होतं. दाखवलं तर त्याने नाडीची गाठ मारून दिली. चहाच्या रंगाचं पाणी, त्यावर केळीचे खुंट, फांद्या, प्लास्टिक. उन्हाळ्यात ही सहल संथ तरंगत दोन-तीन तास चालते म्हणतात. आम्ही वीस मिनिटांत अर्ध्याहून पुढे आलो होतो. एकमेकांच्या ट्यूबांत पाय अडकवून आम्ही पाचजण एक तराफा केला होता. एका बेटाशी प्रवाह फुटला आणि तराफाही फुटला. ते चौघे डावीकडे गेले, मी उजवीकडे.

दर पावसाळ्यात नदी तुमचे बांबूचे साकव वाहून नेते आणि पाणी उतरलं की तुम्ही ते पुन्हा बांधता, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मला समोर फक्त पाण्यातून वर आलेली चार-पाच तिरपी टोकं दिसली. ट्यूब त्यांच्यावर आदळली, उभी राहिली आणि मी खाली गेले. वर आले तेव्हा एका खुंटाला दोन्ही हातांनी मिठी होती आणि अख्खी नदी पाठीवर रेटत होती. पाणी बांबूंच्या फटींतून निघून जातं, माणूस अडकून राहतो. पाय टेकायला गेले तर दगडांत टाच रुतली. ती सुटली, पण चप्पल तिथेच राहिली. तेवढ्यात समजलं, की उभं राहायचा प्रयत्न केला तर पाय अडकेल आणि पाणी मला पालथी घालेल.

मग भावाची ती हाक, आणि तुम्ही धावत आलात.

पुढचं मी इतक्या वेळा मनात पाहिलंय की एकेक हालचाल सांगू शकते. तुम्ही पाण्यात उडी मारली नाहीत. आधी मला राग आला होता, हेही सांगते. मला वाटलं, हा माणूस नुसता उभा आहे. तुम्ही खांद्यावरच्या निळ्या नायलॉनच्या दोराला एक रिकामा पिवळा कॅन बांधत होतात. दुसरं टोक भावाने झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन धरलं. पहिला फेका माझ्यापासून हातभर पलीकडे पडला. तुम्ही घाई केली नाहीत. दोर पुन्हा गोळा केलात, वेटोळं डाव्या हातात, कॅन उजव्या हातात, चार पावलं वर चालत गेलात आणि माझ्याही वरच्या अंगाला फेकलात. कॅन वाहत वाहत माझ्या छातीशी आला.

पण मी खुंट सोडेना. तेव्हा तुम्ही काठावरच्या चिखलात चक्क उताणे झोपलात. आकाशाकडे तोंड, पाय जुळवून खालच्या दिशेला, दोर छातीवर दोन्ही हातांनी घट्ट. मग उठून माझ्याकडे बोट दाखवलंत: अशी. आपल्या दोघांत एक शब्द समान नव्हता, पण याहून चांगलं मला कुणी कधी काही शिकवलेलं नाही. मी खुंट सोडला आणि उताणी झाले. तुम्ही मला ओढलं नाहीत, फक्त दोर धरून ठेवलात, आणि दोर ताणला गेल्यावर त्याच पाण्याने, जे मला दाबून मारत होतं, मला अर्धवर्तुळात फिरवून काठाला आणून लावलं. विहिरीतला रहाट बंद पडल्यावर बादली भिंतीला टेकते, तशी मी काठाला टेकले.

माझ्या तोंडून पहिले शब्द मराठी निघाले. ‘बाकीचे कुठं आहेत?’ तुम्हाला ते कसे कळले कोण जाणे. भावाने मोटारसायकलला किक मारली आणि तो नदीकडेने खाली गेला. पाऊण तासाने चौघांना घेऊन आला. डच मैत्रिणीने सोलच्या मुलाला, ज्याला अजिबात पोहता येत नव्हतं, शेवटपर्यंत जॅकेटच्या कॉलरला धरून ठेवलं होतं. तिचे आभार मी तिला समोर मानलेत.

घरी तुमच्या आईने मला कोरडं सिन नेसवलं, आमच्या लुंगीसारखं पण काठ नक्षीचा, आणि बांबूच्या टोपलीतून चिकट भाताचा गोळा हातात दिला. माझी बोटं वळत नव्हती, म्हणून तो त्यांनीच मोडून भरवला. मग पांढरा सुती दोरा काढला, माझ्या मनगटाभोवती गुंडाळला, काहीतरी पुटपुटत गाठ मारली. पुतणीने इंग्रजीत समजावलं: माणसाच्या शरीरात बत्तीस ‘ख्वान’ असतात, जीव राखणारे. भीती बसली की ते शरीर सोडून भटकतात. आजी त्यांना परत बोलावते आहे. निदान तीन दिवस दोरा ठेव, कात्रीने कापू नको. मी दगडांमध्ये हरवलेल्या माझ्या चपलेचा विचार करत होते आणि मला वाटलं, माझं जे काही त्या पाण्यात राहिलं होतं ते या म्हाताऱ्या बाईच्या आवाजाने चालत चालत घरात येतंय. तोवर मी रडले नव्हते.

आम्ही पैसे पुढे केले, तुम्ही ‘बो पेन न्यांग’ म्हणून हात मागे घेतलात. काही नाही, असू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी लुआंग प्रबांगची गाडी होती. सकाळी आंबे घेऊन आले, तुम्ही घरी नव्हता. आईंच्या पाया पडले, त्या दचकल्या आणि हसल्या. मी निघाले.

आपल्याकडे तुमच्या गावाचं नाव दोनच कारणांनी ऐकू येतं. २०११ या एका वर्षात तिथे २७ पर्यटक दगावल्याच्या बातम्या आल्या. दारू पिऊन याच नदीत उड्या मारणारे बरेच होते, आणि २०१२ मध्ये सरकारने काठावरचे बार आणि झोके बंद केले. मग २०२४ च्या नोव्हेंबरात विषारी दारूने सहा परदेशी गेले. त्या दिवशी आईने मला बातमी दाखवून विचारलं, ‘तू गेली होतीस ते हेच गाव ना?’ मी म्हटलं, होय, पण त्या गावात तो माणूसही राहतो. आमच्यासारखे मजा करायला येतात आणि नदीकाठच्या माणसांना आमच्यामागे धावावं लागतं. हे कधी बातमीत येत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

परत आल्यावर मी ही सगळी हकीकत आबांना सांगितली. आबांचं वय ८४. अर्धं आयुष्य त्यांनी कृष्णेच्या उतारावर नावेतून माणसं पलीकडे नेली. ते डोळे मिटून ऐकत होते. कॅन, दुसरा फेका, झाडाचे वेढे, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं शाबासकी देतील किंवा रागावतील. त्यांनी विचारलं, ‘दोर कुठनं आणला त्यानं?’

मी म्हटलं, खांद्यावर होता.

‘खांद्यावर दोर घिऊन कोण फिरतंय? नावंचा आसंल.’ थोडा वेळ गेला. ‘मंग नाव कुणी धरली, पोरी?’

आय, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आठवलं. आदल्या संध्याकाळी तुमची होडी याच निळ्या दोराने त्याच झाडाला बांधलेली होती. मला बाहेर काढलं तेव्हा मी त्या काठावर ओकत बसले होते आणि समोर नुसतं पाणी वाहत होतं. तिथे होडी नव्हती. आईंना आंबे दिले त्या सकाळीही नव्हती, आणि तुम्ही घरी नव्हता. भाऊही नव्हता. तुम्ही दोघं तेव्हा नदीच्या खालच्या अंगाला तिला शोधत होता का?

मी चौघांना कळवलं. सोलच्या मुलाला आठवतं, मोटारसायकलवरून परत येताना तुमचा भाऊ एका वळणावर थांबून बराच वेळ पाण्याकडे बघत होता. त्याला वाटलं होतं, आमच्यातलं अजून कुणी राहिलंय का ते पाहतोय.

दोरा तीन दिवसांऐवजी पाच महिने माझ्या मनगटावर होता. शेवटी पलूसला भांडी घासताना आपोआप सुटला. आबांनी तो पाण्यात सोडू दिला नाही, त्यांच्या पोथीत ठेवलाय. आम्ही पाचजणांनी होडीचे पैसे बाजूला काढलेत. तुम्ही ‘बो पेन न्यांग’ म्हणाल, पण आबा म्हणतात, नावेच्या पैशाला नावाडी नाही म्हणत नसतो. तिकडे निघालेल्या ज्या कुणाला ती मातीची वाट आणि फणसाचं झाड सापडेल, त्याने एवढं विचारून मला कळवावं.

खोप चाय लाय लाय, आय. होडी सापडली का? आबा दर रविवारी फोनवर विचारतात.

तुमची,
दोराच्या दुसऱ्या टोकाची मुलगी