आण्णा, त्या ‘न्हाई’बद्दल

आण्णांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘ऑइल बगिटलं न्हवं?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून लिहून काढते आहे. उघड पत्र अशासाठी, की हल्ली आठवड्याला एक तरी पोरगा मला विचारतो, ‘मॅडम, झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसतं का?’ बसतं, दोन्ही मारुतीच्याच गाड्या. पण ज्या मिस्त्रींनी ते बसवलं त्यांनीच, म्हणजे तुम्हीच, आधी पाच महिने ‘न्हाई’ म्हणत बसवायला नकार दिला होता, हे सांगितलं की पोरांचं तोंड पडतं.

१९९९ची पांढरी झेन घेऊन मी तुमच्या दारात आले, तेव्हा वहीत सगळा हिशेब मांडून आणला होता. माझी झेन कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी, ५० बीएचपी, म्हणजे पन्नास घोड्यांची ताकद. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) एस्टीम १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ बीएचपी. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या ‘जी’ घराण्यातली, दोन्हींचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे, म्हणजे गाडीच्या नाकावर फारसं ओझं वाढत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटरचा ७४ होतो, पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६१ वरून थेट ७५.५ वर जाते. आणि झेन मुळात साडेसातशे किलोच्या आसपास. कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे भागाकारही करून ठेवला होता. तुम्ही वही नीट वाचलीत, कापसाच्या बोळ्याला हात पुसलेत आणि विचारलंत, ‘पळंल की. थांबवणार कशानं?’

मी म्हटलं, ब्रेक आहेत की.

‘पन्नास घोड्यांचं हायत,’ तुम्ही म्हणालात, आणि चहा सांगितलात.

मला राग आला होता, हे आज कबूल करते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दर दहा पावलांवर लेथ फिरतं, दुसरा कोणी मिस्त्री मिळाला असता. एक भेटलाही होता. ‘चार दिवसांत टाकून देतो, स्प्रिंगा दोन-दोन वेढे कापून गाडी खाली पण बसवतो’ म्हणाला. त्याच्याकडे गेले नाही याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, त्याचं गॅरेज त्या आठवड्यात बंद होतं.

तुमचा दुसरा नकार आरसीबद्दलचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाबद्दलचा. मला ही गाडी पन्हाळ्याच्या घाटात न्यायची होती. तुम्ही आरसीवरच्या इंजिन नंबरावर काळं बोट ठेवलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी नंतर घरी वाचलं: उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं आहे. आरटीओने पकडलं तर दंड होईल, हे मला माहीत होतं. पण अपघात झाला तर विमा कंपनी या एका मुद्द्यावर हात वर करू शकते आणि समोरच्या माणसाचं काय, हा प्रश्न मला तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावा लागला. गाडीची पंधरा वर्षं होऊन गेलीच होती, २०२४मध्ये वाढीव मुदतही संपली. पुन्हा नोंदणी करायची नाही, रस्त्यावर आणायची नाही, गाडी ट्रकवर घालून न्यायची आणि फक्त मामाच्या रानात किंवा ऑटोक्रॉसच्या (मातीतल्या, घड्याळाशी लावलेल्या शर्यतीच्या) मैदानात चालवायची, एवढं मी कबूल केलं तेव्हा तुम्ही जॅक काढलात.

तरी इंजिनाला हात नाहीच. आधी ब्रेक. वेग ८० चा १०० झाला तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, हे मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, पण त्याचा अर्थ डिस्कचा व्यास असा होतो हे डोक्यात आलं नव्हतं. पुढे एस्टीमचे कॅलिपर (डिस्कला आवळून धरणारे चिमटे) आणि डिस्क घातल्या. कॅलिपरचा पिस्टन मोठा, मग पेडलमागून ब्रेकचं तेल ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर पुरेना, पेडल फळीपर्यंत जायला लागलं. मी घाबरले. तुम्ही म्हणालात, तेल तेवढंच आणि घागर मोठी. मास्टर सिलिंडरही बदलला. माझ्या वहीतल्या खर्चात यातलं काहीच नव्हतं.

मग सस्पेन्शन. इथे आपलं खरं भांडण झालं. मला गाडी खाली बसलेली हवी होती, फोटोत तशी छान दिसते. तुम्ही भंगारातली एक कापलेली स्प्रिंग आणून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, मोजा. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, हे सूत्र मला पाठ. पण तिचा खेळ संपतो, शॉकअप खाली आपटतं, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग आपल्या बशीतून सुटते, हे तुम्ही गाडी जॅकवर घेऊन हाताने हलवून दाखवलंत. शिवाय ढेकळांच्या रानात खाली बसलेली गाडी नांगर होते. शेवटी पुढे झेन डिझेलच्या स्प्रिंगा घातल्या. तिच्या नाकात प्यूजोचं १५२७ सीसीचं जड इंजिन असायचं, त्यामुळे स्प्रिंगा कडक. आमच्या हलक्या इंजिनावर गाडी जराशी उंच राहिली आणि मातीला तेच हवं होतं. शॉकअप नवे. मागे एस्टीमचं सस्पेन्शन घालू या हा माझा हट्ट तुम्ही एका वाक्यात मोडलात: तिचं मागचं प्रत्येक चाक सुटं, आपला मागचा एक्सल अख्खा, तळ कापल्याशिवाय जमणार नाही आणि तळ मी कापणार नाही.

लोअर आर्मच्या बुशांचा, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातल्या रबरांचा, दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. मी जॅकवरच बोल्ट आवळून टाकले होते, स्वतःवर खूश होते. तुम्ही चारी सैल केलेत, गाडी जमिनीवर उतरवलीत, मला आत बसवून दोनदा हलवलीत आणि मग खाली झोपून पुन्हा आवळलेत. चाक लोंबलेलं असताना बुश आवळला की गाडी टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे काम बिलात नव्हतं. मी घरी जाऊन बिल दोनदा तपासलं. बोल्ट मी चुकीचे आवळले, दुरुस्त तुम्ही केलेत, आणि मजुरी लावली नाहीत.

डिसेंबरमध्ये मामाचं रान मोकळं झालं. ऊस तुटला होता, खोडवा ठेवायचा नव्हता, मामाने रोटर मारून वर फळी फिरवून दिली. रंगाचे रिकामे डबे मांडून वळसे आखले. सगळं जुनं असताना त्याच आखणीला माझी उत्तम वेळ होती ५८ सेकंद. आता इंजिन तेच दमलेलं पन्नास घोड्यांचं. ब्रेक, स्प्रिंगा, शॉकअप, बुश आणि टायर तेवढे नवे. पहिल्या दिवशी ५५, महिनाभरात ५३. तुम्ही बांधावर बसून शेंगा सोलत होता. घड्याळ दाखवलं तर म्हणालात, ‘आता बोला इंजिनाचं.’

इंजिन मीच शोधलं होतं, भंगारवाल्याकडे. ‘साठ हजार चाललंय’ म्हणाला. तुम्ही आधी कागद मागितलेत: ज्या एस्टीमचं ते, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि पक्की पावती. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येणार, एवढं बोलून इंजिन नंबर स्वतः ताडून पाहिलात. मग सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलंत. तीन सिलिंडर बरे, दुसऱ्यात बसकं. चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघितलंत. काटा वर आला असता तर दोष रिंगांचा. आला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. हेड उघडल्यावर एक्झॉस्टचा एक व्हॉल्व्ह काठावर जळलेला निघाला. साठ हजारांची गोष्ट तिथेच मिटली. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील तर तुम्ही न विचारताच बदललेत. इंजिन बाहेर असताना जे पंधरा मिनिटांत होतं ते आत गेल्यावर दिवस खातं. सुटे भाग मिळतील का ही माझी काळजीही फुकटच होती. हे इंजिन जिप्सीत होतं, पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये होतं. काउंटरवरच्या पोराने यादी न बघता सगळं काढून दिलं.

बसवण्याचं काम मात्र व्हिडिओत दिसतं तसं ‘टाकलं आणि चाललं’ नव्हतं. स्ट्रोक लांब, म्हणून ब्लॉक उंच. वरचं काहीतरी बॉनेटला लागणार हे ठरलेलं. गिअरबॉक्सही त्याच एस्टीमचा घेतला, त्यामुळे एक्सलच्या लांबीचा घोळ. कोणीतरी सुचवलं की दोन एक्सल कापून मधे वेल्डिंग मारा. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की तो बिचारा चहा न घेता गेला. वेल्डच्या शेजारचं लोखंड आपला मूळ कडकपणा हरवून बसतं आणि पिळाच्या जोराखाली तिथेच तुटतं. तुम्ही ईएन २४ या मजबूत पोलादाचा रॉड घेऊन ओळखीच्या टर्नरकडे गेलात, टोकांना स्प्लाइन, म्हणजे दाते, पाडून घेतलेत, हार्डनिंग करून आणलंत. दोन एक्सलना नऊ दिवस लागले. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा पुण्यातल्या मित्रांना सांगितला तर जळतात.

आणि ती पेट्रोलची नळी. ही गोष्ट माझ्या लाजेची, तरी लिहिते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जेमतेम ढकललं जातं. एमपीएफआयला टाकीतला विजेचा पंप अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल पाठवतो. तुम्ही सांगितलेली नळी महाग वाटली म्हणून मी साधी आणली आणि तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात स्वतः बसवली, क्लिपही जुन्याच. तुम्ही परत आलात, स्टार्टर मारायच्या आधी चावी नुसती ऑन करून पंप चालू केलात आणि उभे राहून नाक वर केलंत. नळी फुगली होती, क्लिपाखालून थेंब एक्झॉस्टच्या बाजूला पडत होते. तुम्ही बॅटरीची तार काढलीत, पोराला वाळूची बादली आणायला सांगितलंत. ओरडला नाहीत. त्या दिवसानंतर मात्र माझ्या हातचा प्रत्येक बोल्ट तुम्ही तपासलात आणि तपासलेल्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिलात. आज गाडीखाली बघितलं तर नुसते पिवळे ठिपके.

नव्या इंजिनावर मामाच्या रानातली वेळ आली ५१ सेकंद. म्हणजे तुमच्या पाच महिन्यांच्या हट्टाने पाच सेकंद दिले आणि माझ्या ८५ घोड्यांनी दोन. बँकेतून निघालेले पैसे मात्र बरोबर उलट्या प्रमाणात गेले. हे कोष्टक मी विचारायला येणाऱ्या पोरांसाठी छापून ठेवलंय. बहुतेक जण ते वाचून ‘हो हो’ म्हणतात आणि पुन्हा इंजिनाचं विचारतात. मीही तेच केलं असतं. आणि खरं सांगू? तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांच्या पुढे ते जे काही ओढतं, त्या दोन सेकंदांसाठी मी पुन्हा सगळं करीन. पण तुम्ही सांगाल त्याच क्रमाने.

ऑटोक्रॉसच्या स्क्रूटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडी-तपासणीला, तपासनीस खाली वाकला, ठिपके बघून हसला आणि म्हणाला, काम कुणाचं? मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही तेव्हा ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर तंबाखू मळत उभे होता आणि हाक मारली तरी आला नाहीत. तिथे मी अकरावी आले. शेवटच्या वळणाला उगीच जोर केला, चूक इंजिनाची नाही.

एक राहिलंच. रोज संध्याकाळी तुम्ही पाने मोजता आणि चौदाचा सॉकेट कमी भरतो म्हणून दोन महिने त्या पोराला बोलणी बसतात, हे मला परवा कळलं. सॉकेट माझ्या सीटखाली होता. शनिवारी आणून देते. तोवर पोराला काही बोलू नका.

आपली,
पांढऱ्या झेनवाली