एकच अंक, दोन अर्थ

संपादक महोदय,

एका ऑपरेटिंग प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चालावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या सुसंगतता लायब्ररींच्या हेडर फायलींत (सामाईक व्याख्यांच्या फायलींत) सिग्नलच्या, म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या क्रमांकित सूचनांच्या, परस्परविरोधी व्याख्या राहून जातात, हे मला फार गंभीर वाटते. पॉसिक्स हे युनिक्ससारख्या प्रणालींचे सामाईक मानक सिग्नलांची नावे ठरवते, क्रमांक मात्र बहुतांशी त्या त्या प्रणालीवर सोपवते. ९ म्हणजे सिगकिल, प्रोग्राम सक्तीने बंद करणारा सिग्नल, हे अशा प्रणालींत सर्वत्र सारखे. पण १० हा अंक एक्स८६ प्रोसेसरवरील लिनक्स प्रणालीत सिगयूएसआर१, म्हणजे प्रोग्रामने हवा तसा वापरायचा सिग्नल असतो, तर फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीत तोच सिगबस, म्हणजे मेमरीच्या सदोष वापराची सूचना ठरतो. पूर्णांकाला शून्याने भागल्याचा संकेतांकही लिनक्समध्ये १ आणि फ्रीबीएसडीत २ आहे.

‘आधी व्याख्या नसेल तरच करा’ अशी अट घालून हा विरोध मिटत नाही, तो फक्त झाकला जातो. कारण कोणते हेडर आधी आले यावर अर्थ ठरतो आणि कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) चकार शब्द काढत नाही. माझ्या मते सर्व व्याख्या एकाच हेडरमध्ये असाव्यात, प्रोग्राम चालतो त्या प्रणालीशी देवाणघेवाण होते तिथेच तक्त्याने क्रमांक बदलावेत आणि तफावत आढळल्यास कंपायलरचे काम तिथेच थांबावे.

आपला,
एक संगणक अभियंता