व्हिएन्नाची मावशी सापडली

प्रिय मंदे,

इतके दिवस गप्प होते, शिव्या नंतर घाल. गुडघा तसाच, बीपीची गोळी चालू, बाकी ठीक.

पत्राला उत्तर दिलं नाही की आई आपल्याला म्हणायची ना, "व्हिएन्नाच्या मावशीवर गेलीस"? तुलाही कितीदा ऐकवलंय. तर ती मावशी, म्हणजे आजीची व्हिएन्नात राहिलेली बहीण, सापडली.

व्हिएन्नातल्या एका दस्तऐवज केंद्राने नाझींच्या बळींची यादी केलीय, घरबसल्या बघता येते. आजीचं माहेरचं आडनाव टाकलं तर बायकांची रांगच, आणि जिच्या तिच्या नावात 'सारा'. 1939पासून ज्यू बायकांना ते नाव सक्तीने जोडायला लावलं होतं. शेवटी जन्मतारखेवरून ओळखली. पत्ता व्हिएन्नातल्याच लिओपोल्डश्टाट भागाचा, म्हणजे आजी सांगायची ते घर नव्हेच. ज्यूंना राहत्या घरांतून काढून तिथे एकेका खोलीत कोंबलं होतं. 27 मे 1942ला आस्पांग स्टेशनवरून गाडी, बेलारूसमधल्या मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला. तिथे बहुतेकांना छावणीतसुद्धा नेलं नाही, सरळ जंगलातल्या खड्ड्यांपाशी उभं करून गोळ्या घातल्या. व्हिएन्नाहून तिकडे नेलेल्या नऊ-दहा हजारांतले वाचलेले म्हणून 17 जण ठाऊक आहेत. ती त्यांत नाही.

आता आजीच्या ट्रंकेतला रेडक्रॉसचा कागद आठव. लढाईत तिकडची टपाल बंद, जिनिव्हामार्फत फक्त 25 शब्दांचा निरोप जायचा. आजीने त्यातले निम्मे 'आईच्या पियानोचं काय केलंस' यात घालवले! तारीख ऑगस्ट 1942. कागद परत आला तो शेरा घेऊन: पत्ता न ठेवता निघून गेली. आजीने तेच धरून ठेवलं. मला न कळवता गेली, रुसली, असेल अमेरिकेत मजेत.

पण मंदे, आजीला खरंच कळलं नसेल? तिच्यासारखेच जीव घेऊन मुंबईला आलेले लोक तिच्याकडे कॉफीला यायचे. 1945नंतर ते काय हवापाण्याच्या गप्पा मारत असतील? मला वाटतं, तिला माहीत होतं. बहीण अमेरिकेत आहे म्हटलं की निदान भांडता तरी येत होतं. तू म्हणशील, आजीची वकिली करतेस. करते.

आईचं मात्र तसं नाही. ती अमेरिकेवर मनापासून विश्वास ठेवून आहे. आणि मला याद वाशेमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या इस्रायलमधल्या स्मारकाला, मावशीचं साक्षीपत्र पाठवायचंय: नाव, आईवडील, गाव, शेवट कुठे झाला, खाली भरणाऱ्याची सही. मीही करू शकते, पण सख्खी भाची आई आहे. सांगावं, तर जन्मभर केलेली थट्टा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्याच अंगावर येणार. लपवावं, तर माझं तोंड बघून तिला चहात साखर कमी पडल्याचंसुद्धा कळतं. दादा म्हणतो, "या वयात कशाला?" तो बाथरूमला कडी बसवायलाही हेच म्हणाला होता.

तू अप्पांना त्यांच्या आजाराचं सगळं सांगून टाकलंस, तेव्हा मी तुझ्याशी वर्षभर बोलले नव्हते. मला ते अजूनही पटलेलं नाही. तरी तुलाच विचारतेय. नंतर ते तुझ्याशी कसे वागले, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आता सांग.

ऋताचं जमलं म्हणे, छान झालं. जावई काय करतो? रंगकाम आटपलं का?

फोन दुपारी दोननंतर कर, आई झोपलेली असते.

तुझीच,
नीलू