टाक फॉर सिस्ट, ताई

आरहूस, डेन्मार्क

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले की त्याला राग येतो. "मला परकी समजतेस का?" असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात, म्हणून दोन वर्षं गप्प राहिले. आता तुम्ही इथून कायमच्या पुण्याला परतलात आणि मनातलं बोलायचं राहून गेलं. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आत्ता एखाद्या घरात कुणीतरी इकडे यायला बॅगा भरत असेल आणि तिला तुमच्यासारखी ताई मिळालेली नसेल.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याला इथे नोकरी लागली, तेव्हा ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. मी विचारलं, कुकर आणू का? तुम्ही म्हणालात, "कुकर आण. आणि आता वही घेऊन बस." त्यानंतर आठ रविवार तुम्ही फोनवर मला शिकवलंत. ती वही अजून स्वयंपाकघराच्या खणात आहे.

पहिल्या पानावर घड्याळ काढलंय. डॅनिश माणूस 'हाल फीअर' म्हणाला की शब्दाने ते 'अर्धे चार' होतं आणि आपण साडेचार समजून बसतो. खरे वाजलेले असतात साडेतीन, कारण चौथा तास अर्धा झालेला असतो. तुम्ही तिथेच थांबला नाहीत. त्यांचे आकडेही याच हिशोबाचे, हे सांगितलंत. पन्नासला 'हाल्‌त्रेस' म्हणतात, त्याच्या पोटात 'तिसरा अर्धा' म्हणजे अडीच आहे, आणि अडीच वीस म्हणजे पन्नास. सत्तर म्हणजे साडेतीन वीस, नव्वद म्हणजे साडेचार वीस. दीडलाही त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. शिवाय पंचावन्न म्हणताना आपल्यासारखं पाच आधी, पन्नास नंतर. माझी आजी गोवऱ्या विसांनी मोजायची. त्या रविवारी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच वाटलं, या देशात माझं कुणीतरी आधीपासून आहे. मुलीच्या बोर्नहावेत, म्हणजे इथल्या बालवाडीत, पालकांना पहिल्यांदा बोलावलं ते 'हाल फीअर'लाच. मी साडेतीनला दारात होते.

कागदपत्रांचं तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत: आधी सीपीआर नंबर, म्हणजे इथला नागरिक-नोंदणीचा क्रमांक, मग पिवळं आरोग्यकार्ड, त्यावर आपल्या डॉक्टरचं नाव छापलेलं असतं, बाकी सगळं त्या नंबरामागून येतं. तसंच झालं. सायकलचंही तसंच: थांबायचं असेल तर हात वर, वळायचं असेल तर त्या बाजूला हात, आणि डावीकडे जायचं तर चौक सरळ ओलांडून मग वळायचं.

पण बाळांच्या गाड्यांबद्दल तुम्ही अर्धा तास बोललात, ते बरं झालं. पहिल्याच हिवाळ्यात एका कॅफेबाहेर बाबागाडीत तान्हं मूल एकटं झोपलेलं दिसलं. आई आत, काचेपलीकडे, कॉफी पीत होती. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी काच बडवली असती. मोकळ्या हवेत मूल चांगलं झोपतं असं इथे मानतात आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशीच झोपत आलीत, हे तुम्ही सांगितलं होतं. मग म्हणालात, "बाळाकडे बघू नकोस, त्या आईकडे बघ. तिला रस्त्यावरच्या माणसांची भीती वाटत नाही." तेव्हापासून मी या देशाकडे तसंच बघते. गावाबाहेर रस्त्याकडेला बटाटे, स्ट्रॉबेरी मांडून ठेवलेल्या असतात, शेजारी पैशांची पेटी आणि माणूस कुणीच नाही. पैसे टाकायचे, पिशवी उचलायची. तिथे उभी राहते तेव्हा दर वेळी तुमचं ते वाक्य आठवतं.

झेंड्याचंही सांगते. आपल्याकडे तिरंग्याचे नियम कडक, त्यामुळे केकवर देशाचा झेंडा खोचलेला पाहून मी दचकले असते. इथे वाढदिवस म्हणजे डॅनेब्रो हवाच: टेबलावर, झाडावर, दारापर्यंतच्या वाटेवर. हा झेंडा 1219 साली एस्टोनियातल्या लढाईत आकाशातून पडला अशी यांची आख्यायिका. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला बोर्नहावेतली सगळी मुलं, रांगेत, जाड फ्लायवरड्राक्ट, म्हणजे थंडीचे अंगभर पोशाख, घालून घरी आली. मी दारापासून पायरीपर्यंत लहान झेंडे लावले होते. तिच्या शिक्षिकेने ते पाहिले आणि काही न बोलता माझा हात दाबला. ते झेंडे तुमच्या सांगण्यावरून आणलेले होते, ताई.

एक गोष्ट मात्र मी तुमची ऐकली नाही. न कळवता कुणाच्या दारी जायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजींकडे मी डिंकाचे लाडू घेऊन तशीच गेले. त्यांनी दारातच डबा घेतला, आभार मानले, आत बोलावलं नाही. मला फार लागलं. रात्री तुम्हाला फोन केला, तर तुम्ही माझी बाजूही घेतली नाहीत आणि त्यांचीही नाही. "थांब," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी घरच्या मुरांब्याची बाटली होती आणि चिठ्ठी: तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी दुपारी कॉफीला या. मी वेळेवर गेले, बूट दाराशी काढले, निघताना 'टाक फॉर काफे' म्हटलं. चार दिवसांनी जिन्यात भेटल्या तेव्हा वहीतलं वाक्य म्हटलं: 'टाक फॉर सिस्ट'. मागच्या भेटीबद्दल आभार. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! गेल्या 24 डिसेंबरला त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. हात धरून झाडाभोवती फेर धरला, गाणी म्हटली, आणि गार तांदळाच्या खिरीतला अख्खा बदाम लेकीच्या वाट्याला आला. तो गालात लपवून ठेवायचा असतो, हे तिला आजींनीच कानात सांगितलं. लाडू नेले नसते तर हे झालं असतं का, माहीत नाही. पण तुम्ही 'थांब' म्हणाला नसतात तर नक्कीच झालं नसतं.

पहिल्या डिसेंबरात साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळायचा आणि मी रडायचे. तेव्हा तुम्ही सांगितलंत, दिवेलागण लवकर झाली असं समज, मेणबत्ती लाव, लेकीला शुभंकरोति म्हणायला बसव. समोरच्या प्रत्येक खिडकीत त्याच वेळी मेणबत्त्या लागलेल्या दिसायच्या. आम्ही आजही तसंच करतो.

जुलैत पुण्याला येतोय. राय ब्रेड आणेन, तुम्हाला तो तिथे मिळत नाही म्हणालात. तारीख, वेळ काही कळवणार नाही. चहाच्या वेळेला दार वाजेल, तेव्हा उघडा.

टाक फॉर सिस्ट.

तुमची,
साताऱ्याची धाकटी बहीण